एका ओढीत सुरू

लॉनमोवर किती वर्षं टिकतो, हा प्रश्न नानांना विचारायचाच असेल तर हातात जेवणाचं ताट नसताना विचारावा. आमच्या मंडळात दर गणपतीला कुणीतरी नवा मुलगा फसतोच. नुकतंच घर घेतलेलं असतं, पुढचं-मागचं मिळून पाव एकर गवत पदरात पडलेलं असतं, आणि गवत जरा वाढलं की टाऊनशिपची नोटीस येते असं कुणीतरी त्याच्या कानात सांगितलेलं असतं. मुलगा मसालेभाताचा घास घेता घेता सहज विचारतो, "नाना, मोवर कुठल्या कंपनीचा घेऊ? टिकला पाहिजे."

नाना स्वतःचं ताट शेजारच्या खुर्चीवर ठेवतात, चष्मा पुसतात आणि विचारतात, "गराज आहे?"

"आहे ना."

"त्यात गाडी ठेवतोस की खोकी?"

"सध्या खोकी..."

"म्हणजे मोवर बाहेर. बरं, अंगणाला उतार किती? झाडं किती? मुळं वर आलीयेत का? आणि तू आळशी आहेस का रे? लाजू नकोस, बायको समोर आहे, ती सांगेल."

मसालेभात गार होतो. आरतीची घंटा वाजते तेव्हा कुठे नाना कंपनीपर्यंत पोचतात, आणि तेही ती झटकून टाकण्यासाठी. "कंपनीचं काय घेऊन बसलास! चांगल्या कंपनीमुळे मोवर चार वर्षं जास्त जगेल. चांगल्या मालकामुळे वीस."

न्यू जर्सीत, टेक्सासात, शिकागोच्या उपनगरांत, जिथे जिथे पंधरा-वीस मराठी घरं आहेत तिथे असा एक नाना असतो. ऐंशीच्या दशकात आलेला, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर, नोकरी मात्र सगळी संगणकासमोर बसून केलेली. त्यामुळे पस्तीस वर्षं ज्या हातांना ग्रीस लागलं नाही ते हात निवृत्तीनंतर शिवशिवतात. आमचे नाना मूळचे सांगलीकडचे. मळ्यातल्या विहिरीवर किर्लोस्करांचं डिझेल इंजिन होतं आणि ते हँडल मारून सुरू करण्याचा मान वडिलांनी त्यांना नववीत दिला होता. त्या इंजिनाची टुकटुक अजून त्यांच्या कानात आहे असं ते म्हणतात. काकूंचं म्हणणं असं की त्यामुळेच आपण हाक मारलेली यांना ऐकू येत नाही.

नानांचा स्वतःचा मोवर होंडाचा, 1994 सालचा. डेक म्हणजे पात्यावरचं ते घुमटासारखं झाकण, ते ॲल्युमिनियमचं. इंजिनाच्या सिलिंडरला आतून बिडाचा स्लीव्ह. ही दोन वाक्यं नाना ज्या सुरात म्हणतात त्या सुरात आपल्याकडे मुलाचं घराणं सांगतात. पत्र्याच्या डेकला खालून ओलं गवत चिकटतं, तिथेच कुजतं, आणि पत्रा आतून गंजून त्याची चाळण होते. इंजिन ठणठणीत आणि डेक गेला म्हणून मोवर टाकून द्यावा लागतो, हे नानांच्या मते फार मोठं दुर्दैव. त्यांच्या ॲल्युमिनियमला गंजायचं कारणच नाही. तरीही ते दर दोन-तीन कापण्यांनंतर मोवर आडवा करून लाकडी पट्टीने खालून खरवडतात. लोखंडी उलथनं का नको, यावर स्वतंत्र भाषण आहे.

आडवा करण्यालाही शास्त्र आहे. एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर ज्या बाजूला असेल ती बाजू वर. उलट केलंत की तेल फिल्टरमध्ये उतरतं आणि पुढच्या वेळी दोरी ओढल्यावर पांढऱ्या धुराचा असा लोट निघतो की समोरच्या घरातली म्हातारी 911 ला फोन करते. आमच्या गल्लीत असा फोन एकदा गेला आहे. अग्निशमनाचा बंब येईपर्यंत धूर विरला होता. नाना मात्र थांबले होते, आणि त्यांनी बंबावरच्या दोन जवानांना मोवर कोणत्या कुशीवर निजवावा हे समजावून सांगितलं.

मोवरच्या सगळ्या नोंदी कालनिर्णयवर. पन्नास तासांनी किंवा हंगामाला एकदा तेल बदलणे, पाडव्याला नवा स्पार्क प्लग, मधल्या शनिवारांच्या चौकोनात किती मिनिटं चालवला ते आकडे. एकादशी, प्रदोष आणि "पाते घासले" हे एकाच ओळीत. जुनी कालनिर्णयं काकू रद्दीत टाकायला जातात आणि नाना ती परत आणतात, कारण ती इंजिनाची जन्मपत्रिका आहे. त्यांच्या हिशेबाने हंगामात पंचवीस-तीस तास, म्हणजे आजवर आठशेच्या घरात. सर्वसाधारण घरगुती ढकलमोवर आठ-दहा वर्षांत निकालात निघतो. नानांचा तिशी ओलांडून गेला. पहिल्याच ओढीला सुरू होतो. दुसरी ओढ लागली तर नाना दिवसभर कुणाशी बोलत नाहीत.

"अर्धा लिटर!" हा त्यांचा आवडता शब्दप्रयोग. "या इंजिनात तेल लागतं अर्धा लिटर. तुमच्या घरी दिवाळीच्या चकल्यांना याच्या तिप्पट जळतं. आणि एवढंसं तेल बदलायला माणसं दहा-दहा वर्षं चालढकल करतात." मोटारीत तेलाचा पंप असतो, फिल्टर असतो. साध्या मोवरमध्ये बहुतेक वेळा दोन्ही नसतं. आत एक चमच्यासारखा तुकडा किंवा दातेरी चक्र तेल उडवत राहतं, आणि त्या शिंतोड्यांवर सगळा कारभार. म्हणून फार उतारावर चालवलं की तेल एका कोपऱ्यात जाऊन बसतं आणि वरचे भाग कोरडे चालतात. म्हणूनच तो गणपतीतला उताराचा प्रश्न. नव्या मोवरचं पहिलं तेल तर पहिल्या काही तासांतच बदलायचं, कारण नव्या धातूचा कीस त्यात उतरलेला असतो. नाना ते तेल काचेच्या बरणीत काढून उन्हात धरतात आणि आत चमकणारे कण पाहुण्यांना दाखवतात. पाहुणे चहासाठी आलेले असतात.

पेट्रोल हा त्यांच्या रागाचा विषय. अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. मोवर नोव्हेंबरात टाकीत पेट्रोल ठेवून बंद केला आणि एप्रिलमध्ये उघडला, की मधल्या काळात कार्ब्युरेटरच्या तळाशी चिकट राळ जमलेली असते, आणि ज्या छिद्रातून पेट्रोल इंजिनाकडे जायचं ते बुजलेलं असतं. माणूस दोरी ओढून ओढून खांदा निखळवून घेतो आणि दुपारी दुकानात जाऊन नवा आणतो. "मोवर मरत नाहीत," नाना म्हणतात, "हिवाळ्यात त्यांचा खून होतो."

आमच्या न्यू जर्सीत ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरायला 1949 पासून कायद्याने बंदी आहे. तेव्हा नाना लाल डबा घेऊन पंपावर जातात आणि तिथल्या सरदारजींना आपल्या सांगली-हिंदीत सूचना देतात. "भाईसाब, डब्बा पहले जमीन पे रखो. डिक्की में रखके मत भरो, स्टॅटिक होता है. और पूरा मत भरो, फुगता है." सरदारजी त्यांना बघून आता स्वतःच डबा जमिनीवर ठेवतात. हंगामाच्या शेवटच्या टाकीसाठी मात्र नाना हार्डवेअरच्या दुकानातून बिनइथेनॉलचं डबाबंद पेट्रोल आणतात. पंपाच्या पाच-सहापट भावाने. कोथिंबिरीची जुडी पंचवीस सेंटांनी महागली म्हणून ओक ट्री रोडच्या देशी बाजारात दुकान बदलणारा हा माणूस हे पैसे देताना हूं की चूं करत नाही.

काकू या सगळ्याला सरावल्या आहेत. "लेकीच्या सासरी मी इतके फोन नाही केले," त्या सांगतात, "जितके हे दिलेल्या मोवरांच्या चौकशीला करतात."

हे दिलेले मोवर म्हणजे नानांचं खरं कार्य. वसंतात टाऊनशिप मोठा कचरा उचलते त्या आठवड्यात लोक जुने सोफे, गाद्या आणि मोवर रस्त्याच्या कडेला आणून ठेवतात. नाना त्या आठवड्यात फिरायला काकूंना नेत नाहीत, कारण काकू पुढे चालत राहतात. ते टेहळणीला जातात. बेवारस मोवर दिसला की गुडघ्यावर बसतात. आधी टाकीचं झाकण उघडून वास. ताज्या पेट्रोलचा वास नाकात जातो, शिळ्याचा वॉर्निशसारखा घशात बसतो. मग तेलाची काडी काढून बोटावर पुसून बघायची. मग दोरी सावकाश ओढायची: हाताला अडल्यासारखं लागलं तर कॉम्प्रेशन आहे, इंजिन जिवंत आहे. भसकन बाहेर आली तर "खलास". काडी कोरडी आणि इंजिनाच्या अंगाला भोक असेल तर नाना उभे राहतात, टोपी काढतात. तेलावाचून कनेक्टिंग रॉड तुटून आतून बाहेर आलेला असतो. अशा घराकडे ते पुढे वर्षभर बघतसुद्धा नाहीत.

पण बहुतेक मोवर बरे होण्यासारखे असतात. एकदा माझ्यादेखत त्यांनी असाच एक उघडला. कार्ब्युरेटरची वाटी सोडवली. तळाशी हिरवट-पिवळी खरड. मधली जेट काढली, ती उजेडाकडे धरली, छिद्रातून काही दिसेना. मग खिशातून एक पोलादी तार काढली. आमच्या मंडळाच्या तंबोऱ्याची तुटलेली तार, कोजागिरीच्या मैफलीनंतर उचलून ठेवलेली. ती हलकेच आत घातली, फिरवली नाही. "फिरवायची नाही. छिद्र मोठं झालं की मेलं पेट्रोल प्यायला लागतं." पुन्हा उजेडाकडे. टाचणीच्या टोकाएवढा ठिपका चमकला. नानांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता.

दुसरा आजार दगडाचा. पातं झाडाच्या मुळावर किंवा दगडावर आदळलं की मोवर खाडकन बंद पडतो आणि पुन्हा सुरू होत नाही. मालक समजतो, इंजिन गेलं. पुष्कळदा गेलेली असते ती फ्लायव्हीलची चावी. नखाएवढा मऊ धातूचा तुकडा, मुद्दाम मऊ ठेवलेला, की धक्का बसला तर तो कापला जावा आणि क्रँकशाफ्ट वाचावा. तो कापला की ठिणगीची वेळ चुकते. नानांकडे अशा चाव्या कोडॅकच्या फिल्मच्या रिकाम्या डबीत भरलेल्या आहेत. क्रँकशाफ्टच वाकला असेल तर मात्र ते हात जोडतात. तो मोवर पुढे चालला तरी थरथरत चालतो, आणि थरथर ही त्यांच्या मते सगळ्या नाशाचं मूळ आहे. पात्याच्या टोकाचा वेग ताशी दोनशे मैलांच्या आसपास जातो. त्या वेगाला एक बाजू दोन-चार ग्रॅमने जड असली तरी बेअरिंग खाल्लं जातं, बोल्ट सैल होतात, आणि हँडल धरणाऱ्याच्या हाताला मुंग्या येतात. म्हणून पातं घासल्यावर ते मधल्या भोकाने भिंतीतल्या खिळ्यावर टांगायचं. जी बाजू खाली जाईल ती आणखी घासायची. तो खिळा नानांच्या गराजमध्ये विश्वेश्वरय्यांच्या फोटोखाली आहे.

बऱ्या झालेल्या मोवरचं नाना दान करतात. नव्याने घर घेतलेल्या मुलांना, फुकट, पण अटींवर. गराजमध्ये ठेवायचा. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. दोन आठवडे गावाला जाऊन आल्यावर गुडघाभर ओल्या गवतात इंजिनाला रेटायचं नाही. सिलिंडरच्या पंख्यांत अडकलेलं वाळकं गवत झाडायचं, नाहीतर इंजिन तापून जातं. आणि पातं बोथट ठेवायचं नाही. या शेवटच्या अटीची तपासणी अचानक होते. नाना चहाला म्हणून येतात, अंगणात ओणवे होतात, वाचायचा चष्मा लावतात आणि गवताच्या पात्यांची टोकं बघतात. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. एक-दोन दिवसांत टोकं तपकिरी पडतात. टोकं तपकिरी दिसली तर चहा न घेता परत जातात.

शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्याने त्यांना फार छळलं. तो भला माणूस दर चार-पाच वर्षांनी नवा मोवर घेतो आणि शेडच्या मागे उघड्यावर ठेवतो. पाऊस, बर्फ, सगळं त्याच्यावर. नाना स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतात आणि जेवण टाकतात. एका रात्री वादळी पाऊस लागला. काकूंना जाग आली तर हे अंथरुणात नाहीत. खाली आल्या, तर शेजाऱ्याच्या मागच्या अंगणात दिवा भक्कन लागला. माणसाची चाहूल लागली की लागतो तसला. उजेडात रेनकोट घातलेले नाना, हातात ताडपत्री, अर्धा मोवर झाकलेला. वरच्या खिडकीत पायजम्यातला शेजारी. दोघांनी एकमेकांकडे बराच वेळ पाहिलं. मग नानांनी दुसरं टोक खोचलं, हात हलवला आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी त्या घरातून झुकिनीचा केक आला.

हे नाना इतिहासातही पक्के आहेत. मोवर 1830 साली इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळ एडविन बडिंगने केला, आणि त्याला कल्पना सुचली ती कापडगिरणीत लोकरी कापडावरची लव भादरणाऱ्या यंत्रावरून, हे त्यांनी आमच्या दिवाळी कार्यक्रमात दोन नाट्यप्रवेशांच्या मधल्या वेळात सांगितलेलं आहे. होंडाने 2023 मध्ये अमेरिकेसाठी मोवर बनवणं थांबवलं तेव्हा त्यांनी तीन दिवस गोड खाल्लं नाही. मग भानावर येऊन फिल्टर, प्लग, पट्टे, केबल यांचा एवढा साठा केला की गराजमधली गाडी बाहेर गेली. "मोवरला पुढच्या तीस वर्षांचं औषध भरून ठेवलंय," काकू म्हणतात, "आणि यांची बीपीची गोळी संपली तर मला बघावी लागते."

खंडेनवमीला मोवर धुतला जातो, पुसला जातो. हळदकुंकू, अंगणातला झेंडू, आणि स्पार्क प्लगची वायर काढून ठेवलेली. पूजा चालू असतानाही सुरक्षेत ढिलाई नाही.

नानांचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो. तिथे 2024 पासून बनवलेले पेट्रोलवरचे नवे मोवर विकायलाच बंदी आली. बाबांचा धूर त्याला फार दिवस खुपत होता. पंचाहत्तरीला त्याने बॅटरीवरचा मोवर पाठवला. आता काय होणार म्हणून आम्ही मुद्दाम बघायला गेलो. नानांनी खोकं उघडलं, यंत्राकडे ढुंकून पाहिलं नाही, आधी माहितीपुस्तक काढलं. दोन दिवस वाचलं. तेल नाही, प्लग नाही, कार्ब्युरेटर नाही. चेहरा पडला होता. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला: बॅटरी देवघरात आहे. लिथियम बॅटरी गोठणाऱ्या थंडीत चार्ज करायची नाही, कडक उन्हात ठेवायची नाही, हिवाळाभर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवायची नाही, निम्मीअर्धी भरलेली बरी. आमच्या गराजमध्ये जानेवारीत पाणी गोठतं. घरात वर्षभर सारख्या तापमानाची, कोरडी, उन्हापासून लांब जागा म्हणजे देवघरच. कालनिर्णयवर आता दुसऱ्या रंगाच्या शाईने चार्जच्या नोंदी सुरू झाल्या आहेत. पातं त्यालाही आहेच, त्यामुळे खिळा कामात आहे. जुना होंडा मागच्या अंगणाला, नवा पुढच्या. सरळ हिशेब आहे, पुढचं अंगण मुलाला व्हिडिओ कॉलवर दिसतं.

तुमच्याकडे मोवर असेल तर नोव्हेंबरातली शेवटची कापणी झाली की टाकी रिकामी होऊन इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालवा, तेल बदला, डेक खालून खरवडा, पातं घासून घ्या आणि आत ठेवा. तासाभराचं काम आहे. होणारच नसेल, तर एप्रिलमध्ये मोवर रस्त्याच्या कडेला ठेवताना निदान तेलाचं आणि टाकीचं झाकण घट्ट लावून ठेवा. नाना सकाळी साडेसहाला निघतात, आणि आत पावसाचं पाणी गेलेलं त्यांना चालत नाही.